वर्नाच्या शिफारशीचा सिनेमा

लिंडेन प्रेअरी गावाच्या सार्वजनिक वाचनालयात डीव्हीडींचं एक कपाट होतं आणि त्या कपाटात ग्रंथपाल वर्ना क्विस्टचा जीव अडकलेला होता. वरची फळी तिच्या शिफारशींची. तिथल्या प्रत्येक डबीला एक पिवळं कार्ड चिकटवलेलं असे आणि त्यावर ठसठशीत अक्षरात चार ओळी असत: हा सिनेमा का पाहावा, कोणी पाहावा, कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये. एकोणतीस वर्षं ती ही कार्डं लिहीत होती. गावात किराणा दुकानाच्या फलकानंतर इतकं नियमित लिखाण दुसरं कोणाचंच नव्हतं.

आता ते कपाट जाणार होतं. वाचनालयाच्या समितीला तिथे मासेमारीच्या काठ्या ठेवायच्या होत्या. पुस्तकासारखी काठी न्यायची, तीन आठवड्यांनी परत आणून द्यायची. शेजारच्या गावाने हे सुरू केलं होतं आणि तेव्हापासून समितीच्या पोटात दुखत होतं. गुरुवारी चार वाजता बैठक होती. डीव्हीडी कोण नेतं हे वर्नाने दाखवायचं, नाहीतर कपाट रिकामं करून द्यायचं.

वर्नाकडे दाखवायला होडीचा सिनेमा होता. पोर्तुगालचा, काळा-पांढरा, सव्वादोन तासांचा. एक विधवा नदीकाठी होडीची वाट बघत बसते, एवढीच त्याची गोष्ट. कार्डावर तिने लिहिलं होतं, 'पहिला अर्धा तास दम धरा. माझ्यावर विश्वास ठेवा.' आणि लोकांनी ठेवला होता! आठ महिन्यांत चौदा जणांनी तो नेला. पोस्टातली ग्लॅडिस म्हणाली, "शेवटी डोळ्यांत पाणीच आलं गं." पाद्रीबुवा म्हणाले, "संथ आहे, पण मनात राहतो." वर्ना घरी जाऊन ही वाक्यं नवऱ्याला ऐकवायची. तोही बिचारा दर वेळी नव्याने ऐकायचा.

मंगळवारी समितीच्या अध्यक्षा आर्डिस ब्रँडवोल्ड स्वतः तो परत द्यायला आल्या.

"सुंदर आहे हो वर्ना. आणि ते हात! हात काय टिपलेत!"

"हात?"

"आणि मध्येच जरासं अडकतं बघ. पुसून घे एकदा."

वर्ना हरखून गेली. हातांकडे तिचंही कधी लक्ष गेलं नव्हतं. आर्डिसची नजर तयार झाली म्हणायची. डबी परत आली की वर्ना ती कानाशी धरून हलवायची. आत खुळखुळलं की डीव्हीडी आहे, डबी फळीवर. इतकी वर्षं हीच पद्धत, उघडून बघायला वेळ कोणाला? आज मात्र पुसायचं म्हणून तिने डबी उघडली. आतल्या चकतीवर छापलं होतं: 'जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स खोलणे व जोडणे, भाग दुसरा.'

तिने डबीवरचं कार्ड पुन्हा वाचलं; कार्ड होडीचंच होतं.

कोणीतरी दोन्ही डीव्हीडी एकदम घरी नेल्या असणार आणि परत करताना ही तिच्यात, ती हिच्यात घातली असणार. तिने संगणकात शोधलं. हे आठ महिन्यांपूर्वीच झालं होतं, म्हणजे चौदाच्या चौदा जणांनी गिअरबॉक्स नेला होता. कोणी न बघताच परत केला, कोणी बघून परत केला, पण कोणीही हूं की चूं केलं नव्हतं. लिंडेन प्रेअरीत तोंडावर नावं ठेवायची पद्धत नाही. ती चर्चच्या तळघरात, कॉफी पिताना, पाठीमागे ठेवतात.

ट्रॅक्टरची डबी कोणाकडे होती? नॉर्बर्ट शिमेककडे. गेले अकरा आठवडे. तीनदा मुदत वाढवून घेतलेली. वर्नाने कपाळाला हात लावला. नॉर्बर्ट म्हणजे सत्तरी ओलांडलेला विधुर शेतकरी, वर्षाला वीस शब्द बोलणारा. बिचाऱ्याचा ट्रॅक्टर अंगणात उघडा पडला असेल आणि याच्या हातात आली असेल विधवा.

"कोणाला सांगू नकोस," तिची सहकारी टेरिल म्हणाली. "चौदा म्हणजे चौदा. आर्डिसबाई स्वतः त्या चौदांत आहेत. कोणाच्या तोंडून निघणार आहे, की मी गिअरबॉक्स पाहिला आणि हात छान म्हणाले?"

"अगं, पण मग बाकीच्यांचं काय? एकोणतीस वर्षांत कोणी एक तरी सिनेमा खरंच पाहिला का? की सगळेच माझं मन राखत होते?"

"त्याचा कपाटाशी काय संबंध?"

"कपाटाशी नाही. माझ्याशी आहे."

बुधवारची रात्र वर्नाने कूस बदलत काढली. कपाट गेलं तर वाईट वाटणारच होतं. पण खोट्याच्या जोरावर कपाट राहिलं, तर रोज सकाळी त्याच्यासमोर उभं कुठल्या तोंडाने राहायचं, हे तिला कळेना.

गुरुवारी चार वाजता समितीचे पाच जण लांब टेबलाशी बसले. मागे खुर्च्यांवर गावातले दहा-बारा जण, कारण बैठकीला लिंबाच्या वड्या असतात. आर्डिसबाईंनी विषय काढला आणि म्हणाल्या, "मी आधीच सांगते, मी होडीचा सिनेमा पाहिलाय. अप्रतिम आहे."

ग्लॅडिसने मान डोलावली. पाद्रीबुवांनीही डोलावली. कपाट वाचल्यात जमा होतं. टेरिल मागून डोळ्यांनी खुणावत होती, गप्प बस, गप्प बस.

वर्ना उभी राहिली. "त्या डबीत होडीचा सिनेमा नव्हता. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स होता. आठ महिने. मी डबी उघडून बघत नव्हते, चूक माझीच आहे."

वडीकडे गेलेले दोन-तीन हात मागे आले. पाद्रीबुवा छताकडे बघू लागले. ग्लॅडिसचे कान लाल झाले.

"पण मी शेवटपर्यंत पाहिला होता!" आर्डिसबाई शेवटी म्हणाल्या. "तू लिहिलं होतंस ना, दम धरा. मी दम धरला. तो माणूस स्क्रू काढतोय, काढतोय, मला वाटलं हा तिचा मेलेला नवरा. आठवणीतला."

"आणि शेवटी तो तेल ओततो, ते?" पाद्रीबुवांनी हळूच विचारलं.

"ते मला क्षमेसारखं वाटलं," आर्डिसबाई म्हणाल्या.

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी खोलीच हसली. वर्नाही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. विश्वास ठेवून दीड तास गिअरबॉक्स बघणाऱ्या बाईवर रागवायचं तरी कसं!

"म्हणजे होडीचा सिनेमा कोणीच पाहिलेला नाही," समितीतले खजिनदार म्हणाले. त्यांचा डोळा काठ्यांवर होता. "तर मग मतदान घेऊ या."

"माझं एक काम होतं," मागून आवाज आला.

नॉर्बर्ट शिमेक उभा होता. टोपी एका हातात, ट्रॅक्टरची डबी दुसऱ्या हातात.

"ही मला आणखी तीन आठवडे पाहिजे. टेरिल म्हणते तीनदाच वाढवून मिळते, चौथ्यांदा हवी असेल तर समितीला विचारा. म्हणून आलो."

"नॉर्बर्ट, तुमच्याकडे चुकीची गेली हो," वर्ना घाईने म्हणाली. "मी आत्ताच बदलून देते."

"ते पहिल्याच दिवशी कळलं." त्याने डबी छातीशी धरली. "आधी वाटलं, वाचनालयाने दिलंय म्हणजे ट्रॅक्टर येईलच. बाई नदीकाठी बसलीये. म्हटलं, होडीतून आणत असतील. तासभर मी ट्रॅक्टरचीच वाट बघितली." लोक पुन्हा हसले. "मग होडी आली. तेव्हा ट्रॅक्टर माझ्या ध्यानातही नव्हता."

आता कोणी हसलं नाही.

"फ्लोरेन्स गेल्यापासून मी संध्याकाळी टीव्ही लावत नव्हतो," नॉर्बर्ट म्हणाला. "आता ही लावतो. दर रविवारी."

वर्नाने तोंडावर हात ठेवला. या माणसाने तिचं एकही कार्ड कधी वाचलेलं नव्हतं. शिफारशींच्या फळीकडे तो उभ्या जन्मात फिरकला नव्हता.

"अहो, पण ट्रॅक्टर?" आर्डिसबाईंनी विचारलं.

"उभाच आहे. शेजाऱ्याचा आणून पेरणी केली."

आर्डिसबाईंनी चष्मा काढून पुसला. मग खजिनदारांकडे वळून म्हणाल्या, "काठ्या दारामागे उभ्या राहतील. त्यांना कपाट कशाला हवं? आणि वर्ना, नॉर्बर्टचं झालं की त्या डबीसाठी माझं नाव लाव."

"माझंही," ग्लॅडिस म्हणाली. "या वेळी खरंच पाहीन."

"लावते," वर्ना म्हणाली. "नॉर्बर्ट, तुमचं कधीपर्यंत होईल?"

नॉर्बर्टने टोपी डोक्यावर घातली आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "दम धरा."