हेडबाईंची कवळी

आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी एका घराने साक्ष द्यायची असते. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते पुढे येऊन माइकवर सांगायचं. याचा एक नियम आहे. तो कुणी लिहिलेला नाही, पण पोरासोरांनाही ठाऊक आहे. संकट संपलेलं असलं पाहिजे. मूतखडा पडून गेलेला हवा, जावई नोकरीला लागलेला हवा. चालू संकट घेऊन माइकजवळ कुणी जात नाही. ओला रंग दिलेल्या बाकावर तरी कोण बसतं?

त्या रविवारी पाळी कवळीवाल्याची होती, आणि त्याचं संकट अगदी ओलं होतं.

त्याचा उजवा हात थरथरत होता. सुरुवात बोटांपासून झाली. थकवा असेल, असं त्याने ठरवलं. मग मनगट आलं, तेव्हा वय असेल असं ठरवलं. हल्ली तो काहीच ठरवत नव्हता, हात खिशात घालून चालत होता. त्यामुळे मंडळीतल्या दोघातिघांचा समज झाला की याला कसला तरी माज आला आहे.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यामागे त्याची खोली होती. डॉक्टरबाई पुढे दात काढत, हा मागे दात बनवी. फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची रांग लागलेली, आणि ते सगळे दिवसभर त्याच्याकडे बघून हसत. इतकी वर्षं त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं. मेणात दात बसवायचे म्हणजे सुरी दिव्यावर तापवायची, मेण सोडायचं आणि ते निवायच्या आत दात जागेवर टेकवायचा. थरथरत्या हाताच्या माणसाने करायचं हे काम नव्हे. डॉक्टरबाईंना कळलं तर त्या दुसरा माणूस बघतील. त्यात त्यांची चूक तरी काय, असं त्याचं स्वतःचंच मत होतं, आणि त्याने त्याला आणखी घाम फुटे.

प्रार्थना त्याने केली होती. हात थांबव, एवढंच मागणं. हात थांबला असता तर साक्षीचीही सोय झाली असती. पण देवाला एका दगडात दोन पक्षी मारण्याची घाई दिसत नव्हती.

त्यातच हेडबाईंची कवळी आली. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. उपासनेतलं शास्त्रवाचन वर्षानुवर्षं त्यांचं. त्या वाचायच्या तेव्हा शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा आपली वही तपासली जात असल्यासारखा ताठ बसायचा. त्यांचे दात काढल्यापासून वाचन वकीलसाहेबांकडे गेलं होतं. ते पवित्र शास्त्र भाडेकराराप्रमाणे वाचत. हेडबाई मात्र तोंडावर रुमाल धरून मागे बसत, आणि गातही नसत.

हाताची थरथर कामात दिसू नये म्हणून कवळीवाल्याने या खेपेस एक युक्ती केली. काचेची पट्टी आडवी धरून त्याने सगळे दात तिला टेकवून बसवले. पट्टी हलत नाही, म्हणून दातही हलले नाहीत. ओळ अशी सरळ आली की छापखान्यातल्या कंपोझिटरने बघत राहावं. शुक्रवारी मेणातली कच्ची कवळी हेडबाईंच्या तोंडात घालून बघितली. त्यांनी आरसा घेतला, बराच वेळ पाहिलं आणि आरसा परत दिला.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. "कुणाचे आहेत?"

डॉक्टरबाईंनी कवळीवाल्याकडे पाहिलं. त्याने हात खिशात घातला. सोमवारी पुन्हा बसवू, असं ठरलं.

शनिवारी त्याने बायकोजवळ साक्षीचा विषय काढला. छत्री हरवली होती आणि सापडली, तेवढंच सांगून मोकळा होतो म्हणाला.

"अहो, छत्रीची साक्ष मागच्या खेपेला झाली," बायको म्हणाली. "हीच छत्री."

मग तिने त्याच्यासमोर चहा ठेवला. हल्ली ती त्याला अर्धाच कप देई. पित्ताचं कारण सांगे. त्याने ते मानलं होतं, कारण पित्ताबद्दल संशय घ्यावा असं काही त्याच्या आयुष्यात घडलं नव्हतं.

रविवारी डॉक्टरबाई नेहमीप्रमाणे दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. कवळीवाल्याने ठरवलं होतं की आरोग्य, घर आणि रोजची भाकरी यांबद्दल आभार मानायचे आणि उतरायचं. आरोग्य हा शब्द गाळावा का, यावर तो पहिलं गीत संपेपर्यंत विचार करत होता.

पण माइकचा स्टँड मोडलेला होता. त्याची दुरुस्ती पंचांच्या बैठकीत मंजूर होऊन बराच काळ लोटला होता, त्यामुळे आता ती झाल्यासारखीच सगळे समजत. माइक हातात धरावा लागे. कवळीवाल्याने तो उजव्या हातात घेतला. माइक त्याच्या कोटाच्या गुंडीवर आपटू लागला आणि सबंध देवळात कुणीतरी दार ठोठावतंय असा आवाज भरला. त्याने माइक डाव्या हातात घेतला. ठोठावणं थांबलं. पण रिकामा उजवा हात आता सगळ्यांसमोर लोंबत होता, आणि खिसा कुठे आहे हेच त्याला कळेना.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. हाताकडे बघतच नव्हती. त्या क्षणी त्याला अर्धा कप कळला.

"माझा हात थरथरतो," तो म्हणाला. "बरा झालेला नाही. होईल की नाही, माहीत नाही. मला रोज भीती वाटते, आणि रोज सकाळी प्रार्थना करून मी कामाला जातो. एवढीच साक्ष आहे."

साक्ष संपली की मंडळीने आमेन म्हणायचं असतं. कुणी म्हणेना. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत होते, ज्यात हात बरा होतो. वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टरबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आमेन."

हेडबाईंनी रुमाल खाली केला होता. दात नसलेलं तोंड उघडं टाकून त्या समोर बघत होत्या. आमेन म्हणायला दात लागत नाहीत. ते त्यांनी वर्गात हजेरी घेतल्यासारखं स्वच्छ म्हटलं, आणि मग आम्हा सगळ्यांना म्हणणं भाग पडलं.

चर्चचे पाळकसाहेब उठले. आभाराच्या प्रार्थना त्यांना तोंडपाठ होत्या, पण ही त्यात बसेना. त्यांनी कवळीवाल्याचा हात आपल्या हातात घेतला. "प्रभू, हा हात तुझा आहे," ते म्हणाले. "थरथरतोय. तुला दिसतंय." एवढंच म्हणून त्यांनी हात सोडला. पाळकसाहेबांच्या प्रार्थना मी पुष्कळ ऐकल्या आहेत. यापेक्षा चांगली आठवत नाही.

सोमवारी कवळीवाला वेळेआधीच खोलीत जाऊन बसला. डॉक्टरबाई आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मला आधी सांगायला हवं होतंत, म्हणाल्या. सांगितलं असतं तर काय केलं असतंत, असं त्याने विचारलं. आज करतेय तेच, त्या म्हणाल्या. त्यांनी नसांच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली होती. ते काय सांगतात ते कळेपर्यंत नवीन काम द्यायचं नाही. हातातलं आहे तेवढं पुरं करायचं.

"आणि त्यानंतर?"

"ते गुरुवारनंतर बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. खोटा दिलासा देण्याची त्यांना सवय नव्हती. दुखणार असलं तर त्या दुखेल असंच सांगत.

हेडबाई पुढे दवाखान्यात थांबायला तयार नव्हत्या. त्या मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. त्यांचे स्वतःचे दात होते तेव्हाचा प्लास्टरचा जबडा फळीवर होता. कवळीवाल्याने तो आता खाली काढला. समोरचा एक दात शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवावं तसा किंचित वळलेला होता. हे त्याने आधीही पाहिलं होतं. पण वळलेला दात पट्टीने बसत नाही, तो मोकळ्या हातानेच बसवावा लागतो, म्हणून त्याने जबडा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

"वेळ लागेल," तो म्हणाला.

"मला पुन्हा वाचायचंय," हेडबाई म्हणाल्या. दातांशिवायचे त्यांचे शब्द भिजल्यासारखे येत होते. "त्या वकिलाचं वाचन ऐकवत नाही. तू केल्याशिवाय मी वाचणार कशी?"

आपण देवाचं काहीच काम करत नाही, याची कवळीवाल्याला कायम खंत असे. कुणी विचारलं तर तो म्हणे, मी काय, जबडे बनवतो. वर्षानुवर्षं रविवारी वाचन ऐकताना ते कुणाच्या तरी दातांतून येतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याने काचेची पट्टी खणात टाकली, मनगट टेबलावर टेकवलं आणि सुरी तापवली.

हात थरथरला. त्याने वाट पाहिली. थरथर थोडी ओसरली की तेवढ्यात मेण सोडायचं, पुन्हा थांबायचं. दोनदा दात भलताच बसला, तो काढला. तिसऱ्यांदा बसला तो जबड्यातल्यापेक्षा जरा जास्तच वळला होता. कवळीवाल्याने बराच वेळ पाहिलं, आणि राहू दिला.

कवळी तोंडात घातल्यावर उच्चार तपासायला आकडे म्हणायला सांगतात. हेडबाईंनी आकडे म्हटले नाहीत. त्यांनी पुढच्या रविवारचा उतारा सुरू केला. 'फ' ठीक आला, 'व' ठीक आला. 'स' जरासा शिट्टी घालत होता, पूर्वी घालायचा तसाच. मग त्यांनी आरसा मागितला.

"हं," त्या म्हणाल्या. "ही मी आहे."

दवाखान्यात मदतीला असलेल्या बाईने चहा आणला. कवळीवाल्याचा गुरुवार अजून समोर होताच. तो कुठे जाणारही नव्हता. किटली कपावर वाकली तेव्हा त्याने उजवा हात खिशातून काढून टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"मला अर्धाच," तो म्हणाला. "हात हलतो."