अडीचशेवं माणूस

मेंढपाळाची आई पहाटे गेली, आणि लोहार येऊन म्हणाला, "रडू नका."

मेंढपाळ बघतच राहिला. घरात मढं असताना रडू नका म्हणून सांगायला कोणी येतं का? पण लोहार वाडीतला शहाणा. तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवलेला एकटा तोच, म्हणून त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

"आज मोजणीच्या बाई येतायत," तो हळूच म्हणाला. "अडीचशे माणसं भरली तरच रस्ता. काल घरोघर फिरून मोजली मी. तुझी आई धरून नेमकी अडीचशे. एक कमी पडलं की बसा आणिक दहा वर्षं."

वाडी तालुक्याच्या पार शेपटाला. वर खडक, खाली ओढा, मधे मुरमाड उतार आणि तीन कोसांची पायवाट. आजारी माणसाला खाटेवर घालून न्यायचं, आणि निम्मे वाटेतच जायचे. म्हातारीला तर तेवढंही मिळालं नाही. ओढा भरून वाहत होता आणि तीन दिवस तिची छाती घरात घरघरत होती. मेंढपाळाला ते सगळं आठवलं.

"कधीपर्यंत?" त्याने विचारलं.

"बाई उतार उतरेपर्यंत."

बायकोने सासूला कुशीवर वळवलं, तोंड भिंतीकडे केलं आणि वर घोंगडी ओढली. एवढ्यात वाडीतच खालच्या अंगाला दिलेली त्याची थोरली बहीण ऊर बडवत आली. तिने दारातच हंबरडा फोडला. मेंढपाळाने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला.

"आक्का, गप. पाया पडतो तुझ्या, गप!"

ती त्याच्या बोटांना कडकडून चावली. मग लोहाराचं ऐकलं, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून कोपऱ्यात बसली. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांची आई नसते ती.

ऊन डोक्यावर आल्यावर, बाकीची घरं उरकून, बाई धापा टाकत आल्या. शाळेत शिकवणारी साधी बाई, चपलेचा अंगठा तुटलेला. कागद मांडीवर घेऊन दारातच बसल्या.

"घरात किती?"

"पाच. मी, बायकू, दोन पोरी, आई."

"आई कुठंयत?"

"निजलीय. बरं नाय तिला."

बाईंनी आत डोकावलं. घोंगडीवर माशा बसत होत्या, आणि सून पदराने वारा घालत होती. बाईंनी लिहून घेतलं, तांब्याभर पाणी प्याल्या.

"भरले बघा तुमचे अडीचशे," कागद आवरत त्या म्हणाल्या. "आणि कालपासून कुणी गेलंबिलं असलं तरी सांगा हं, लपवू नका. तेही धरायचं असतं. काल रात्री बाराला जो जिवंत होता तो मोजायचा, असा नियम आहे."

लोहाराने मान खाली घातली. एवढ्या खेपा घातल्या, पण हे एक विचारायचं राहिलं होतं.

"कुणी नाय गेलं," मेंढपाळ म्हणाला. आता दुसरं काय बोलणार?

बाई उतरून गेल्या. लोहार उंबऱ्याशी घोटाळला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "रडा आता."

मेंढपाळ बहिणीजवळ बसला. "आक्का, रड की गं."

"सकाळी येत होतं, तवा तू दाबलंस," ती म्हणाली. "आता नाय येत."

मग दोघांनी मिळून आईला उताणं करायला घेतलं. पण म्हातारी कुशीवरच ताठली होती. खूप खटपट केली, पण ती वळली नाही. शेवटी तशीच नेली, सगळ्यांकडे पाठ करून.