यालमारकाकांची दुसरी न्याहारी

डिसेंबरात आमच्या फ्योर्डकाठी, या उत्तरेकडल्या अरुंद खाडीपाशी, साडेदहाला उजाडतं आणि दीडला पुन्हा दिवे लावावे लागतात. मधले तीन तास मी कचेरीच्या तळघरात म्हाताऱ्यांच्या आठवडाभराच्या गोळ्या डब्यांत भरत बसायची. त्याआधी पहाटेपासून घरोघर जाऊन त्यांना उठवायचं, धुवायचं, खायला घालायचं. अठरा हिवाळे हेच. आताशा घरी आल्यावर बूट काढायचंही जिवावर यायचं, आणि रात्री झोप मात्र तुटक लागायची.

माझ्या फेरीतलं पहिलं घर यालमारकाकांचं. वय शहाऐंशी, आयुष्य समुद्रावर गेलेलं. वसंतात बायको वारली, आणि हिवाळा लागल्यापासून त्यांना सकाळ-संध्याकाळ उमगेनाशी झाली. कधी दुपारी चारला झोपायचे, कधी सातला न्याहारीला बसायचे, संध्याकाळच्या सातला.

"बोटीवर नाही का अंधारातच दिवस काढले?" मी एकदा विचारलं.

"बोटीवर दुसरं कुणीतरी ओरडायचं, ऊठ म्हणून," ते म्हणाले. "घरी ते काम बायको करायची."

एका गुरुवारी मी साडेतीनला घरी आले आणि कोट न काढताच कोचावर आडवी झाले. जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वीस झाले होते. बाहेर मिट्ट काळोख. गजर ऐकूच आला नाही, शुक्रवार उजाडायला आला, या धसक्याने फोनही न घेता गाडी काढली.

यालमारकाका रात्रीच्या कपड्यांत चुलीपाशी उभे होते. पातेल्यात खीर शिजत होती.

"उशीर केलास, तुरिद," ते म्हणाले.

"झोप लागली हो, काका."

"लागते तरी. नशीबवान आहेस."

मी डब्यातला शुक्रवार सकाळचा खण उघडला, हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या तळव्यावर ठेवल्या, पाणी दिलं. त्यांनी रेडिओ लावला. निवेदिका म्हणाली, "शुभ संध्याकाळ."

काका रेडिओकडे बघत राहिले. "ही बाई प्यायलीय की काय?"

मी त्यांचं मनगट धरलं. गोळ्या ओठांपर्यंत पोचल्या होत्या. म्हणजे अजून गुरुवारच होता; याच गोळ्या सकाळी मीच दिल्या होत्या. एकेक करून त्या परत खणात टाकल्या. मग खुर्चीत बसले.

काकांनी माझ्यापुढे खिरीची वाटी ठेवली, वर लोण्याचा गोळा. "खा. झालीय तर खाऊया."

जरा वेळाने म्हणाले, "कुणाला सांगायची गरज नाही. माझं काय, मला वेडाच समजतात. तुझी नोकरी जायची."

पण दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. आमची प्रमुख सोल्वी ऐकून घेत होती, लिहून घेत होती. मग पेन ठेवून तिने विचारलं, "शेवटची उजेडात कधी बाहेर पडलीस?"

मला आठवेना.

"गोळ्या पहाटे भरते," मी म्हणाले. "पण मधले उजेडाचे तास बाहेर काढू दे. काकांनाही बाहेर नेते."

"मग बाकीच्याही मागतील."

"मागू देत ना. आळीपाळीने दे."

तिने उसासा टाकला आणि पाळ्यांचा तक्ता पुढे ओढला. मला मंगळवार आणि शुक्रवार मिळाले. त्या दोन दिवशी पहाटेचं पहिलं घर, काकांचंच, दुसऱ्या सेविकेकडे गेलं; तेवढ्या वेळात मी गोळ्या भरायच्या.

पहिल्या मंगळवारी आभाळ भरलेलं होतं. सूर्य नव्हताच, नुसता राखाडी उजेड. बर्फावर ढकलायच्या खुर्चीत काकांना बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली आणि धक्क्यापर्यंत नेलं.

"हा तुझा उजेड?"

"आहे तो एवढाच, काका."

"यापेक्षा माझ्या फ्रिजमध्ये जास्त असतो."

धक्क्यावर कुणीतरी मोटारनावेचा पंखा खोलून बसलं होतं. काकांनी खुर्ची तिकडे वळवायला लावली आणि तो पंखा उलटा बसवतोयस म्हणून त्या माणसाशी वीस मिनिटं हुज्जत घातली. मी कठड्याला टेकून डोळे मिटले. पापण्यांतून उजेड आत येत होता. थंडी होती, पण हलावंसं वाटेना.

त्या रात्री काका सलग सहा तास झोपले, असं त्यांनीच शुक्रवारी सांगितलं. मी पाच.