आडवं दिसलं की थांब

"रानात सगळं उभं असतं, पोरी. खोड उभं, सावली उभी, पाऊससुद्धा उभाच पडतो. आडवं दिसलं की थांब. आडवं म्हणजे पाठ. आडवं म्हणजे जीव."

हा आवाज हालवरचा, आर्डिसच्या बापाचा. छप्पन्न वर्षांपूर्वी, डोंगराच्या धारेवरच्या पांढऱ्या ओकाखाली, बारा वर्षांच्या आर्डिसच्या कानाशी तो बोलला होता. तो कुजबुजत नसे. कुजबुज हरणाला ऐकू जाते म्हणायचा. पानावर पान पडावं तितक्या हळू बोलायचा, आणि त्याच्या श्वासाला कॉफीचा वास असायचा. त्या पाच वाक्यांवर आर्डिसनं छप्पन्न हंगाम काढले. दुर्बीण घेतली नाही, हरणिणीच्या मुताची बाटली घेतली नाही, हरणाला भुलवणारी शिट्टी तर तिनं शेजाऱ्याच्या कुत्र्याला खेळायला दिली.

आणि आता त्याच धारेवर, त्याच ओकासमोर, तिच्या भावाचा जावई एक डबा हातात धरून गोल गोल फिरत होता.

सप्टेंबरचा पहिला रविवार. डेरिक म्हणजे ला क्रॉस शहरात विमा कंपनीत बसणारा माणूस. बसणारा, एवढंच त्याचं वर्णन आर्डिसला पुरेसं वाटे. भाऊ नॉर्वलची पोरगी सोल्वेग इतकी धडधाकट, एका हातानं वासरू उचलणारी, आणि तिनं आणावा तर हा. डबा त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता, बाप्तिस्म्याला तान्हं मूल न्यावं तसा.

"दोन दांड्या," तो म्हणाला. "आत्या, इथं रेंजच्या दोनच दांड्या येतायत."

"हरणं खाली खिंडीतून जातात, जावईबापू. दांड्या इथं येतात. तुला हरीण हवंय की दांडी?"

"दोन्ही लागतं ना. यात सिमकार्ड आहे. समोरून काही गरम हललं की हा फोटो काढतो आणि माझ्या फोनवर पाठवतो. मी ऑफिसात असलो तरी."

"म्हणजे तू खुर्चीत बसून शिकार करणार."

"शिकार नाही, नुसतं बघणार."

"ते तर माझी मांजरसुद्धा करते. खिडकीतून."

अखेर तीन दांड्या आल्या त्या नेमक्या ओकाच्या समोर, वीस पावलांवरच्या मेपलपाशी. त्यानं डब्यात बारा सेल भरले. एक उलटा भरला, मग सगळे काढून पुन्हा भरले. अँटेना पिळून घट्ट केली, पट्टा खोडाभोवती कंबरेएवढ्या उंचीवर ओढला, डब्याचं तोंड उत्तरेला केलं. सूर्य भिंगात शिरू नये म्हणून, असं तो म्हणाला. उत्तरेला होता ओक, आणि ओकाला टेकवलेली लोखंडी शिडी, आणि शिडीच्या टोकाला बसायची फळी. हालवरचं मचाण. आता आर्डिसचं.

"माझ्या झाडाकडे तोंड करून लावतोयस?"

"दुसरीकडे ऊन येतं, आत्या."

"लाव. माझी पाठ बघ चढताना. तेवढंच तुझं रानातलं शिक्षण."

तो पुढं सांगत होता, अंधारात हा लाल दिवा लावतो, दिवसा मात्र... पण आर्डिस केव्हाच उताराला लागली होती. लाल दिव्याचं तेवढं तिनं ऐकलं. पुढं एका पहाटे धारेवर गेली तेव्हा डब्यात ती लाल धग तिला दिसलीही. दिवसा दिसली नाही. तिनं मनाशी ठरवून टाकलं, घुबडासारखं आहे हे डबडं, दिवसा आंधळं. ठरवलं की आर्डिस पुन्हा विचारत नसे.

पहिल्या दोन दिवसांत डब्यानं सहाशे बारा फोटो पाठवले. सहाशे बाराही डब्यासमोरच्या पिवळ्या फुलांच्या गवताचे. गवत छाटायचं जावईबापू विसरले होते. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं डुललं की डबा म्हणे, आलं, आलं! आणि ला क्रॉसच्या ऑफिसात फोन टुणकन उडे. दिवसा गवत आणि हरीण यातला फरक कळत नाही, म्हणजे आंधळंच, असं आर्डिसनं त्यातून काढलं. हे सोल्वेगनं हसत हसत सांगितलं, आणि आर्डिसनं ते चर्चच्या तळघरातल्या जेवणात, दुधाच्या डेअरीवर, टपाल कचेरीत पसरवलं. गवताचा शिकारी. दिसला की विचारायची, "काय जावईबापू, आज किती पेंढ्या मारल्या?"

डेरिक हसायचा. हेच तिला खपत नसे. टोमणा मारला की माणसानं तो परत फेकावा. हा नुसता ओला होऊन उभा राही, पावसातल्या खांबासारखा.

आर्डिसच्या तिरस्काराला वंशावळ होती. उतारावरच्या त्या लाकडी खोलीत, जिला सगळे कॅम्प म्हणत, आढ्याला कापडाच्या चिंध्या टांगलेल्या होत्या. लाल चौकडीच्या, हिरव्या चौकडीच्या, काही उंदरांनी कुरतडलेल्या. प्रत्येकीवर नाव आणि साल. नेम चुकला की संध्याकाळी सगळ्यांसमोर स्वतः सांगायचं, आणि शर्टाचं मागचं शेपूट कापून घ्यायचं. चुकण्याची लाज नव्हती. लपवण्याची होती. कात्री हालवरकडे असे, त्याच्यामागून ती आर्डिसकडे आली. चुलतभाऊ लेरॉयनं एकदा चुकवून गप्प बसायचा प्रयत्न केला, तेव्हा ती गोळीच्या जागेपर्यंत चालत गेली, पानावर पडलेले हरणाचे चार केस चिमटीत धरून आणले आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवले. लेरॉय पुन्हा आला नाही. येऊ नये असंच तिलाही वाटलं.

दुसरा नियमही हालवरचाच. पडला तो चुलीवर. मचाणावरून जो पडेल, त्यानं पुन्हा चढायचं नाही. कॅम्पात राहायचं, चूल पेटती ठेवायची, शिकाऱ्यांची कॉफी करायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हालवर स्वतः पडला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "पडलो," आणि खांद्यावर फडकं टाकलं. त्यानंतर नऊ हंगाम त्यानं चुलीपुढे काढले. खिडकीतून धार दिसायची. तो खिडकीकडे पाठ करून बसायचा.

आर्डिसला कॉफी करता येत नव्हती. करायची नव्हती.

ऑक्टोबरच्या एकोणतिसाव्या दुपारी ती शिडी तपासायला धारेवर गेली. हंगाम तीन आठवड्यांवर. सातव्या पायरीवर ओलं पान होतं. एवढंच. एक पान.

पडल्यावर पहिल्यांदा तिला आभाळ दिसलं आणि आभाळात उभी खोडं. आडवं काहीच नव्हतं. मग कळलं, आडवी आपण आहोत. उजव्या कमरेतून कळ निघाली ती दातांपर्यंत. ती पडून राहिली. हात हलवून बघितला. एक चिमणी येऊन तिच्या बुटाकडे बघून गेली. मग ती कुशीवर वळली, ओकापर्यंत सरपटली, खोडाला मिठी मारून उभी राहिली. अंगावरची पानं झटकली, खोडावर बूट घासल्याची खूणसुद्धा पुसली, आणि कुबडीसारखी एक फांदी टेकत शेताच्या फाटकापर्यंत आली. आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून श्वास जागेवर आणत होती, तोच डेरिकची गाडी धुरळा उडवत आली. आली म्हणजे काय, फाटकाच्या खांबाला जवळजवळ धडकलीच.

तो उतरला. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायांत काळे चकचकीत बूट. तोंड पांढरंफटक. तिच्याकडे बघून तो गाडीच्या दाराला धरून नुसता उभा राहिला.

"काय रे?" ती म्हणाली. "भूत बघितलंस?"

"नाही. मी... सेल. सेल बदलायला आलो."

"मंगळवारी भरदुपारी?"

"हो. सेल संपत आलेत."

"गेल्या रविवारीच तर बदललेस! सोल्वेग म्हणाली मला."

"थंडीत लवकर संपतात," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघत राहिला. तिच्या हातांकडे, गुडघ्यांकडे, केसांकडे. केसांत एक पान राहिलं होतं. "आत्या, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या बुटांचं बघ. असले बूट घालून रानात! हरणं हसून हसून मरतील, गोळीची गरजच नाही."

तो खरंच वर गेला. चाळीस मिनिटांनी खाली आला तेव्हा बुटांची माती झाली होती. त्यानंतर आर्डिसनं बुटांची गोष्ट सगळ्यांना सांगितली. लंगडण्याचं विचारलं तर म्हणायची, लाकडं फोडली.

नोव्हेंबरातला तो शुक्रवार आला, ज्याच्या दुसऱ्या दिवशी हंगाम उघडतो. दिवस कलताना चौघंही कॅम्पात जमले. चूल धडधडत होती. नारिंगी कोट खिळ्यांना टांगलेले. टेबलावर मागच्या वर्षीच्या हरणाचं सॉसेज, चीज, सोल्वेगनं आणलेल्या लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणि नॉर्वलची ब्रँडी.

"मग जावईबापू," नॉर्वल म्हणाला, "उद्या कुठले बूट? लग्नातले का?"

सोल्वेग खिदळली. "बाबा, त्यांना पॉलिश करून आणलंय."

"माझी बहीण म्हणते, तू त्या दिवशी इतका जोरात आलास की फाटकच पळून जाणार होतं. सेल बदलायला! अरे, बाळाचा लंगोट इतक्या घाईनं कुणी बदलत नाही."

डेरिक हसला. तसाच, ओला होऊन.

आर्डिसही हसली, आणि ब्रँडीचा घोट घेत म्हणाली, "आण इकडं तो फोन. बघू तरी सहाशे पेंढ्यांनंतर एखादं हरीण आलं का त्यात."

"आलंय, आत्या. दहा टोकांच्या शिंगांचा नर. परवा सकाळी, तुमच्या ओकाखाली." डेरिकनं फोन तिच्या हातात दिला. नर खरंच देखणा होता. मान फुगलेली, पाठ आडवी, काळोख्या खोडांत ओढलेली एक तपकिरी रेघ. फोटोखाली पट्टी: तारीख, वेळ, तापमान आणि चंद्राची कोर.

"चंद्रसुद्धा सांगतो हा डबा? वर बघायला मान दिलीय की देवानं."

आणि तिनं बोट ओढलं. लाकडं फोडणारं जाड बोट, उलट्या दिशेला ओढलं गेलं, आणि एकदाच नाही. खार, खार, हरीण, रिकामं रान, फोटो भरभर मागं पळाले, आणि एका फोटोवर थांबले.

उभी खोडं. उभी शिडी. आणि पानांत काहीतरी आडवं.

तिनं छप्पन्न वर्षं केलं तेच केलं. आडवं दिसलं, ती थांबली.

तपकिरी जाड कापडाचा कोट. पांढरे केस. एक हात अर्धवट वर उचललेला. २९ ऑक्टोबर, दुपारी २:१७, तापमान सेहेचाळीस फॅरेनहाइट, चंद्र अर्धा. खाली डब्यानं स्वतःच्या अकलेनं लिहिलं होतं: हरीण, मादी, एक. पुढच्या फोटोत ती कुशीवर. पुढच्यात सरपटणारी. पुढच्यात ओकाला मिठी. तिथं डब्याला उमगलं, आणि त्यानं लिहिलं: माणूस.

दिवसा आंधळं म्हणे.

ला क्रॉसहून फाटकापर्यंत एरवी तासभर लागतो. वाहन हाकलं, खांबाला धडकता धडकता वाचलं, तर पाऊण तास. तो तीन वाजून पाचला आला होता, म्हणजे फोटो बघताक्षणीच निघाला होता. इस्त्रीच्या शर्टात. आणि मग वर जाऊन, त्या बुटांनी, तो खरंच सेल बदलत बसला होता, कारण म्हटलं होतं ना, सेल बदलायला आलो.

हे फोटो त्यानं कुणाला दाखवले नव्हते. दाखवले असते तर नॉर्वलनं त्याच दिवशी शिडी उतरवली असती. आणि तीन आठवडे या माणसानं बुटांवरून आख्ख्या गावाला हसू दिलं होतं. एक फोटो दाखवला असता की हसणं बंद.

तिनं मान वर केली. डेरिक तिच्याकडेच बघत होता. त्याला कळलं होतं की ती कुठवर पोचली. त्यानं किंचित मान हलवली, नको अशी, आणि हात पुढं केला, फोन मागायला.

तिला त्याचा राग आला. एवढा आला की कान तापले. याला कोणी सांगितलं माझ्यावर दया करायला? लेरॉयच्या ताटाशेजारी मी चार केस ठेवले होते. माझ्या ताटाशेजारी हा काहीच ठेवत नाही. आणि त्या रागाच्या तळाशी, थंड पाण्याच्या झऱ्यासारखं, तिला दिसलं की या खोलीत लेरॉय आता कोण आहे.

नॉर्वल कागद पुढं ओढून उद्याच्या जागा वाटत होता. "सोल्वेग खिंडीत. डेरिक, तू कुरणाच्या कडेला, बूट ओले करू नकोस. मी नाल्यावर. आणि ओकावर नेहमीप्रमाणे आर्डिस. त्या दहा टोकांच्या नराला कुणीतरी शहाणं माणूस भेटायला हवं."

"थांब," आर्डिस म्हणाली.

ती उठली. कमरेत कळ आली, आणि या खेपेला तिनं ती लपवली नाही. टेबलाला धरत ती चुलीपाशी गेली, फडताळावरची कात्री काढली. हालवरची. एका बाजूचा दांडा दोरा गुंडाळून नीट केलेला. मग चौकडीच्या शर्टाचं मागचं शेपूट तिनं पँटमधून ओढून बाहेर काढलं.

"हे काय?" नॉर्वल म्हणाला. "उद्याच्या चुकीला आजच? अजून बार तरी काढलास का एक?"

कात्री तिनं डेरिकपुढे धरली, मूठ त्याच्याकडे, टोक आपल्याकडे. तो कात्रीकडे आणि तिच्याकडे बघत राहिला.

"घे, डेरिक," ती म्हणाली. जावईबापू म्हणाली नाही. सोल्वेगनं हातातली लेफ्सा खाली ठेवली. "बूट तुझे भिकारच होते. ते मी परत घेणार नाही. बाकीचं घेते."

"आत्या, राहू दे ना."

"काप म्हणते ना. आणि साल नीट घाल." तिनं चुलीशेजारच्या खिळ्यावरचं फडकं काढून खांद्यावर टाकलं, नॉर्वलकडे वळली, आणि पानावर पान पडावं तितक्या हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"एकोणतीस ऑक्टोबर. दुपारी दोन सतरा. मी पडले होते."