डाव्या हाताची वेल

थंडीभर घट्ट लावून ठेवलेलं पार्लरचं दार त्या सकाळी धाकटीनं सताड उघडलं, खाली लाकडाची पाचर सरकवली आणि बाहेर येऊन उन्हात नुसती उभी राहिली. समोरच्या झाडाला पोपटी पालवी फुटली होती. काल ती होती की नव्हती, हे तिला काही केल्या आठवेना. पण आज होती, आणि तेवढ्यानंच ती हरखून गेली.

ऊन तापायला लागलं की बायकांना केसांचं एकदम ओझं व्हायला लागतं. टोप्या, मफलर कपाटात जातात आणि सगळ्याजणी पार्लरची वाट धरतात. केस कापण्यात धाकटीच्या हाताला तोड नव्हती. हात म्हणजे डावा. तिची कात्रीसुद्धा खास डावखुऱ्यांची, मुद्दाम मागवून घेतलेली. दुसऱ्या कुणी हातात घेतली, तर ती केस कापायच्या ऐवजी नुसती चावत बसायची.

या डाव्या हातानं तिला दगा दिला होता तो एकाच बाबतीत, क्रोशाच्या. तिची थोरली बहीण क्रोशाच्या विणकामात पटाईत. तिच्या घरी उशा, खुर्च्या, टेबलं, फ्रिजचं हँडल, काहीही उघडं नव्हतं. एका जागी फार वेळ बसू नये, नाहीतर आपल्यालाही झालर लागेल, असं धाकटीचा नवरा म्हणायचा. शाळेत असताना थोरलीनं धाकटीला शिकवायचा चंग बांधला होता. शेजारी बसवून ती सांगायची, "सुई अशी धर, दोरा असा घे, आता ओढ." धाकटीनं सुई डाव्या हातात घेतली की सगळं उलटं व्हायचं, आणि उजव्या हातात घेतली की बोटं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी वागायची. शेवटी मांडीवरच्या गुंत्याकडे बघून थोरली म्हणाली, "राहू दे गं. तुझं नि याचं काही जमायचं नाही."

थोरली ते बोलून विसरूनही गेली. धाकटीच्या मात्र ते मनात घर करून राहिलं. पण लोकरीचं दुकान दिसलं की तिचे पाय आपोआप आत वळायचे. पार्लरमधल्या खालच्या खणात, केसांच्या रोलर्सच्या मागे, तिनं कितीतरी गुंडे दडवून ठेवले होते. गिऱ्हाईक नसलं की खण उघडायचा, रंग बघायचे, गुंड्यांवरून हात फिरवायचा आणि खण बंद करायचा. पोहता येत नसताना पोहायचे कपडे घेऊन ठेवण्यातला प्रकार, हे तिचं तिलाही कळत होतं.

त्या दिवशी पहिल्या आल्या त्या नर्सबाई. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या, पण चालणं अजून वॉर्डातलंच, झपाझप. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी पिशवीतून क्रोशाची सुई आणि पिवळी लोकर काढली.

"फुलं करतेय," त्या म्हणाल्या. "कोटांना लावायला. कोट आता कुणी घालणार नाही, पण हात थांबत नाहीत त्याला काय करू?"

धाकटीनं त्यांच्या केसांना रंग लावला. तोवर ऊन दारातून आत घुसून समोरच्या आरशावर आदळायला लागलं होतं आणि नर्सबाईंना डोळे उघडवेनात. म्हणून धाकटीनं खुर्ची एका अंगाला वळवली. आता बेसिनजवळचा उंच आरसा त्यांच्या डाव्या हाताला आला. नर्सबाई विणू लागल्या. धाकटी मागे टॉवेलच्या घड्या घालत उभी होती, आणि सहज तिची नजर बाजूच्या त्या आरशात गेली.

आरशात एक बाई बसली होती. धाकटीसारखंच पुढे तोंड करून. आणि तिच्या डाव्या हातात सुई होती.

धाकटीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. डावा हात पुढे गेला, सुईच्या आकड्यानं दोरा पकडला, फासातून ओढला. पुन्हा गेला, पुन्हा ओढला. उलटं काही नव्हतंच. ज्या बाजूला तिचा हात आपणहून जायला बघायचा, त्याच बाजूला तो हात जात होता.

"मावशी, जरा सावकाश कराल?"

"का गं?"

"आणि वर बघू नका. तसंच चालू ठेवा."

तिनं खण ओढला. रोलर्स जमिनीवर घरंगळले, त्यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. हाताला लागला तो हिरवा गुंडा घेतला, नर्सबाईंच्या पिशवीतली जास्तीची सुई मागून घेतली आणि स्टूल ओढून त्यांच्या मागे बसली. डोळे आरशात, सुई डाव्या हातात. पहिला फास सुटला. दुसरा इतका आवळला गेला की आकडा आत जाईना. तिसऱ्याच्या मागे चौथा आला, मग आणखी एक, आणि बघता बघता बोटभर साखळी तिच्या हातातून लोंबायला लागली. वेडीवाकडी, कुठे सैल, कुठे घट्ट. पण साखळी.

"मावशी," ती म्हणाली. "हे बघा."

नर्सबाईंनी साखळी हातात घेतली, चष्मा खाली करून पाहिली. "रांगेत आहे. आता परत फिर आणि खांब घाल. बघ माझ्याकडे. म्हणजे, आरशातल्या तिच्याकडे."

खांब म्हणजे उभा टाका. सुईवर दोरा घ्यायचा, सुई साखळीत घालायची आणि दोन दोन फास सोडवायचे. पहिला खांब उभा राहिला तेव्हा धाकटीला हसू आलं आणि ते थांबेचना. दोघी इतक्या रंगल्या की डोक्यावरच्या रंगाची शुद्ध कुणालाच राहिली नाही. शेवटी नर्सबाईंनीच विचारलं, "अगं, माझं डोकं धुवायचं होतं ना?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईनं डोकं धुतलं, केस वाळवले. सांगितला होता मऊसा तपकिरी. झाला होता कावळ्याच्या पंखासारखा. नर्सबाईंनी या गालाकडून, त्या गालाकडून स्वतःला न्याहाळलं.

"नोकरी लागली तेव्हा अशी होते मी," नर्सबाई म्हणाल्या. "राहू दे. उद्या येते, मुके खांब शिकवते, म्हणजे आखूड टाके."

त्या खरोखरच आल्या. मग जवळपास रोज दुपारी येऊ लागल्या. पार्लरमध्ये त्या वेळेला सामसूम असायची, पण ती फार दिवस टिकली नाही. केस कापायला आलेली बेकरीवाली कोपऱ्यातली विणणारी जोडी बघून घुटमळली आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट राहिलेली भरतकामाची चौकट काखोटीला मारून हजर झाली. एक गिऱ्हाईक मण्यांचा डबा घेऊन आली. बाहेर झाडाला कळ्या धरल्या, आत ड्रायरखाली बसलेल्या बायका कागदाच्या फुलांवरून वाद घालू लागल्या. कुणी काही संपवलं की ते सगळ्यांच्या हातांतून फिरायचं आणि फिरता फिरता त्याच्यात चार चुका निघायच्या.

धाकटीचे हात सतत शिवशिवत असायचे. घरी भाजी शिजेपर्यंत दोन ओळी, नवरा आंघोळ करून येईपर्यंत एक. नवरा एकदा म्हणाला, "तुझी ताई ती तिकडे, तू ही इकडे. मी नेमकं बसायचं कुठे?" पण विणकाम घेऊन ती घाईघाईनं निघाली, की चष्मा विसरायची, आणि तो निमूटपणे पार्लरमध्ये आणून द्यायचा.

आता दार दिवसभर उघडं राहायचं, म्हणून तिनं दाराचा पडदाच विणायला घेतला. खणातल्या सगळ्या गुंड्यांच्या जाळीदार पट्ट्या. थोरलीला मात्र तिनं काही सांगितलं नव्हतं. फोनवर बोलताना शब्द जिभेवर यायचे आणि ती हवापाण्यावर जायची. पडदा टांगला त्याच आठवड्यात थोरली न सांगता येऊन ठेपली.

"केस काप बाई माझे. मान उकडून निघतेय," असं म्हणत ती आत शिरली, आणि पडद्यातच अडकल्यासारखी थांबली. एक पट्टी तिनं दोन बोटांत धरली, उलटी केली, उजेडाकडे नेली.

"कुणी विणलंय हे?"

नर्सबाईंनी मान खाली घातली आणि विणू लागल्या. बेकरीवालीनं तोंडातली सुई काढली.

"मी," धाकटी म्हणाली.

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. "म्हणूनच. माझे टाके या बाजूला झुकतात, हे त्या बाजूला. मला वाटलं, मलाच उलटं दिसतंय." मग पट्टी सोडून तिनं विचारलं, "कुणी शिकवलं?"

धाकटीनं सांगितलं. ऊन, खुर्ची, रंगानं काळं झालेलं डोकं, सगळं. नर्सबाईंनी पुरावा म्हणून डोकं पुढे केलं. थोरली ऐकत खुर्चीत बसली. धाकटीनं तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले, एका बाजूचे कापायला घेतले. एक बाजू कानापर्यंत आली.

"म्हणजे शिकायला तू कमी नव्हतीस," थोरली शेवटी म्हणाली. "शिकवायला मी कमी पडले."

"जाऊ दे ना, ताई."

"जाऊ कसं देऊ? थांब, कात्री ठेव. माझी पर्स दे."

पर्समधून निघालं एक जाकीट, अर्धं विणलेलं, फिकट निळं. थोरलीच्या लेकीसाठी. पुढच्या उजव्या बाजूनं गळ्याच्या दिशेनं एक हिरवी वेल चढत गेली होती. तिच्या प्रत्येक पानाशी एक गोल वेटोळं, सगळी एकाच दिशेला वळलेली.

"डाव्या बाजूला हीच वेल समोरून यायला हवी," थोरली म्हणाली. "वेटोळी हिच्याकडे तोंड करून. किती वेळा उसवली, विचारू नकोस. माझा हात एकाच बाजूला वळतो. उलटं विणायला गेले की पानं वाळल्यासारखी दिसतात." तिनं मान वळवून धाकटीकडे पाहिलं. "तुझा हात आपोआप तसाच वळेल."

धाकटीनं जाकीट हातात घेतलं. टाके बारीक होते, तिनं आजवर विणले त्याहून कितीतरी बारीक.

"बिघडलं तर?"

"तर उसवू. घरात उसवायची सवय आहे सगळ्यांना."

धाकटीनं डाव्या हातानं सुई उचलली, पहिलं वेटोळं घातलं. ते वळलं, अगदी समोरच्या वेटोळ्याकडे तोंड करून. थोरली खुर्चीतच पुढे सरकली. बेकरीवाली उठून मागे येऊन उभी राहिली.

"आता पान," थोरली म्हणाली. "तीन साखळ्या घे. नाही, थांब, मी तोंडानं नाही सांगत. हा हिरवा आतल्या उजेडात काळपट वाटतोय. चल बाहेर."

"ताई, तुझे एकाच बाजूचे कापलेत."

"मग? माझ्याकडे कोण बघतंय?"

आणि दोघी बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. थोरलीच्या गळ्यात ते कापड तसंच, एका बाजूचे केस कानापर्यंत, दुसऱ्या बाजूचे खांद्यावर पाणी गाळत. सगळा रस्ता तिच्याकडे बघत होता. धाकटी तिच्या डाव्या अंगाला बसली, म्हणजे कोपराला कोपर लागणार नाही. जाकीट दोघींच्या मांड्यांवर पसरलं. एकीनं उजव्या वेलीचं टोक धरलं, दुसरीनं डाव्या वेलीचं, आणि थोरली म्हणाली, "हं. सुरू कर. मी तुझ्याबरोबर येते."