भरलेली टाकी

नर्सिंग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात शॉवर बदलायला माणसं आली, तेव्हा प्रियंकाने स्वतः धावपळ करून स्टूल आणून दिलं. ती बाभुळगावची, मुलींनी निवडलेली प्रतिनिधी. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये तिने सगळ्यांसमोर शब्द दिला होता: खालच्यांनी पाणी वाचवलं, तर वरच्या मजल्याला सकाळी पाणी मिळेल.

वरच्या मजल्याचं दुखणं जुनं होतं. टाकी गच्चीवर, अगदी डोक्याशी, म्हणून वर पाण्याला जोरच नाही. खालचे शॉवर सुरू असेपर्यंत वर टिपूस येत नसे, आणि ते बंद होईपर्यंत टाकीने तळ गाठलेला असे. मोटारीची बोअर होळीआधीच आटली होती. सगळा भार टँकरवर. वरच्या मुली आवारातल्या हापशीच्या खाऱ्या पाण्याने बादल्या भरून जिने चढत आणि वॉर्डातल्या ड्यूटीवर उशिरा पोचून सिस्टरची बोलणी खात. खालच्यांचा दोष एवढाच, की घरी तांब्या-बादलीवर वाढलेल्या त्या पोरींना थाळीएवढ्या शॉवरखालून हलावंसं वाटत नसे.

यावर संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे बापूजींनी, कमी धारेचे शॉवर आणले. “जेवढं वाचवाल तेवढं तुमचंच,” ते म्हणाले होते. प्रियंकाचा शब्द त्या एका वाक्याच्या आधारावर होता.

पहिल्याच सकाळी खालच्या मजल्यावर गिल्ला झाला.

“हे आंघोळ हाये का सलाइन?”

“साबण लावू का नको, थे सांग पहिले. धुवाले उद्या या लागन.”

“प्रियंका, तूच ये वं माहं डोकं धुवाले. तुही हौस हाये न!”

प्रियंका हसत राहिली, दारोदार फिरली, कुणाची मनधरणी केली, कुणाला रागावली. आठवडा उलटायच्या आत वरच्या न्हाणीघरात पाणी आलं. वर राहणारी तिची मैत्रीण उज्ज्वला, दिग्रसजवळच्या तांड्यावरची, ओल्या केसांनीच जिना उतरून आली. “आलं न वं पाणी! मी त दोनदा तोंड धुतलं, उगाच.”

पण तीच उज्ज्वला टँकरच्या दिवशी सकाळी तिला बाजूला घेऊन म्हणाली, “टाकी अर्धी भरून हाये. गच्चीवरून पाहून आली मी. सोडून दे थे पाणी.”

“काहून?”

“टँकरवाल्याले भरलेली टाकी दाखवत नसतात. आमच्या इकडं हॉर्न वाजला का माय भरल्या ड्रमवर गोधडी टाकते आन् रिकामी गुंडी घेऊन रांगेत उभी राह्यते.”

“आपण काय चोरी केली का? वाचवलं न. मंग लपवायचं कायले?”

“चोरी नाही वं. पाणी हाये म्हणून कळलं, का पाणी बंद होते.”

“थे तुमच्या तांड्यात,” प्रियंका म्हणाली.

उज्ज्वलाने केसांना बांधलेला टॉवेल सोडला आणि ती वर गेली.

टँकरवाल्या शामने पाइप गच्चीवर चढवला. थोड्याच वेळात टाकी वाहू लागली. “ताई, हे उरलेलं कुठं ओतू आता?”

“ऑफिसात सांगा, उरलं म्हणून. पोरींनी वाचवलं म्हणा.” हे सांगताना तिचा ऊर भरून आला होता.

शामने सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून टँकर निम्म्यावर आले. नोटीस नाही, निरोप नाही. वरचा मजला पुन्हा हापशीवर गेला. “या, शब्दवाल्या बाई,” जिन्यात एकीने बादली तिच्या पायाशी आदळली. उज्ज्वला शेजारून, तिच्याकडे न पाहता, बादली घेऊन चढून गेली. प्रियंकाला लागलं ते हेच.

ती बापूजींकडे गेली. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून संस्थेचं मंगल कार्यालय दिसत होतं. वैशाख होता, लग्नाचा मांडव घातलेला होता, आणि मांडवामागे शामचा टँकर उभा होता.

“बापूजी, वरच्या मजल्याला पाणी नाही. तुम्ही म्हणाले होते, वाचलेलं आमचंच.”

“तुमचंच हाये न, बेटा. तुम्ही दाखवून दिलं, अर्ध्यात भागते. मी त सगळ्या मीटिंगीत तुमचं नाव घेतो.”

“अर्ध्यात नाही भागत. पुरलं थे टँकर पूर्ण येत होता म्हणून.”

“मंग आनखी थोडं वाचवा. आन् तिकडं काय मी पितो का सारं? लोकांच्या लेकीबाळींची लगनं हायेत. आलेल्या पाहुण्याले पाय धुवाले नको म्हणू?” त्यांनी बेल दाबून तिच्यासाठी चहा मागवला. तिने तो प्यायला. नाही म्हणायचं तिला सुचलं नाही.

पुढच्या टँकरच्या आदल्या दुपारी रेक्टर मॅडम झोपल्या होत्या. प्रियंका ड्यूटीवरून परतली, तर वसतिगृहात सगळीकडे पाण्याचा आवाज. दोन्ही मजल्यांवरचे शॉवर मोकळे सोडलेले. उज्ज्वला पालथ्या बादलीवर बसून होती.

“टाकी खाली करून राह्यलो,” ती म्हणाली. “खूप बोंबलायचं असंन त मॅडमले उठव.”

“एवढं पाणी गटारात?”

“ठेव मंग. उद्या दाखव पुन्हा शामभाऊले.”

प्रियंका उभी राहिली. बारीक धारा तिरप्या पडत होत्या. या गतीने संध्याकाळपर्यंतही टाकी रिकामी झाली नसती. वाया घालवायलासुद्धा हे शॉवर वेळ लावत होते.

“पाना कोणाजवळ हाये?” तिने विचारलं.

एकेक शॉवर तिने स्वतः काढला. उघड्या पाइपातून जाड धार तिच्या गणवेशावर आदळली. दुसऱ्या दिवशी शामने कोरड्या टाकीत डोकावून पाहिलं आणि ऑफिसात कळवलं. टँकर पूर्ववत झाले.

मग तोच शिरस्ता पडला. रोज सगळ्या कमी धारेखाली, कुरकुर न करता आंघोळ करत, म्हणजे वर पाणी पोचे. वरच्या मुली आता वेळेवर वॉर्डात जात. आणि टँकरच्या आदल्या दुपारी शॉवर काढून उरलेलं सगळं सोडून देत. पाळ्या प्रियंकानेच लावून दिल्या.

अशाच एका दुपारी मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या रुपीबाई मागच्या दाराशी आल्या. त्यांच्या वस्तीत नळाला बरेच दिवस पाणी नव्हतं. हातात पाण्याच्या दोन रिकाम्या गुंड्या होत्या.

“पोरी, गटारात पाणी वाहून राह्यलं. मले एवढं भरू दे न. घरी प्यायले नाही.”

आवाराच्या फाटकाशी वॉचमन बसलेला होता. भरलेल्या गुंड्या त्याच्या समोरून गेल्या असत्या, तर संध्याकाळपर्यंत बातमी ऑफिसात पोचली असती.

प्रियंकाने न्हाणीघराचं दार पाठीमागे ओढून घेतलं. आतून आवाज येतच होता.

“टाकी खाली हाये, मावशी,” ती म्हणाली. “उद्या टँकर आल्यावर या.”

रुपीबाईंनी एकदा त्या दाराकडे पाहिलं, एकदा तिच्या ओल्या बाह्यांकडे. मग गुंड्या उचलून फाटकाकडे निघाल्या.