धोपटबाई

"आजपासून त्या मुलीच्या छातीला हात लावायचा नाही," मोठे डॉक्टर फाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "रक्त गोठेनासं झालंय. थापटलंत तर आतल्या आत वाहील. आणि तसाही आता काही उपयोग नाही."

"घरच्यांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"संध्याकाळी सांगू."

ही संध्याकाळ रोज उद्यावर जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायची वेळ आली की या लोकांना नेमकी मीटिंग असते.

ती फिजिओथेरपिस्ट. एवढा लांबलचक शब्द कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून अतिदक्षता विभागात सगळे तिला धोपटबाई म्हणत. घरी सासू शेजारणींना सांगे, "आमची सून मोठ्या दवाखान्यात मालिश करते." व्हेंटिलेटर फुफ्फुसांत हवा ढकलतो, पण तळाशी चिकटून बसलेला कफ त्याच्याच्याने सुटत नाही. तिथे माणसाचे हातच लागतात. पेशंटला कुशीवर वळवायचं, तळहात वाटीसारखे करायचे आणि बरगड्यांवर थापटत राहायचं. सुटलेला कफ मग सिस्टर नळीने ओढून घेते. पेशंट वाचला की नाव मशीनचं आणि डॉक्टरांचं. धोपटबाईचे खांदे मात्र रात्री दुखून उशीला टेकवत नाहीत.

या मुलीला ताप फुफ्फुसांत उतरल्यावर इथे आणलं, तेव्हा तिचे वडील दार ढकलून आत घुसले होते.

"अहो, मारताय काय माझ्या पोरीला? गादी झोडल्यासारखं झोडताय!"

धोपटबाईने त्यांनाच पाठ वळवायला लावली आणि थापटून दाखवलं. दुखत नाही म्हटल्यावर काका ओशाळले. तेव्हा ती बोलून गेली, "हा पोकळ आवाज येतोय ना काका, तोवर समजायचं, आपण हरलेलो नाही."

झालं. त्या दिवसापासून काका दाराबाहेरच्या बाकावर कान टवकारून बसू लागले. आवाज सुरू झाला की मगच डबा उघडायचे. त्याआधी घास घशाखाली उतरत नसे.

आजही डबा मांडीवर तसाच होता. तिला पाहून ते हसले. "काय धोपटबाई, आज दांडी मारायचा विचार होता की काय? आमची पोर खोळंबलीय."

तिच्या तोंडाशी आलं, काका, बंद केलंय. पण ते सांगण्याएवढी तिची खुर्ची मोठी नव्हती.

"आलेच," ती म्हणाली, "जेवा तुम्ही."

आत जाऊन तिने पडदा ओढला. मुलीचा चेहरा सुजला होता आणि दंडावर सुया टोचलेल्या जागा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. मशीन छाती वर करत होतं, खाली सोडत होतं. तिने रिकामी उशी पलंगाच्या कडेला ठेवली, तळहातांची वाटी केली आणि उशीवर थापटायला लागली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" सिस्टर पुटपुटली.

"फिरू दे."

मोठ्यांनी गप्प बसायचं आणि ते हिने हातांनी निस्तरायचं. संतापाने ती आणखी जोरात थापटू लागली. पडदा सरकलेला तिला कळलाच नाही. भेटीच्या वेळेला मुलीची आई आत आली होती आणि उशीकडे बघत उभी होती.

तिचे हात जागच्या जागी थांबले. "काकू, मी..."

"बंद करायला सांगितलंय ना?"

"डॉक्टर संध्याकाळी बोलतील तुमच्याशी."

"डॉक्टर मरू दे. तू सांग. रोज तुझे हात लागतात तिला."

मग तिने सांगितलं. "फुफ्फुसं कामातून गेलीत, काकू. आता थापटलं तर तिलाच इजा होईल. ती नाही उठायची."

आई रडली नाही. मुलीच्या कपाळावरचे केस तिने मागे सारले. बाहेर बाक करकरला.

"मग थांबलीस कशाला?" आई हलकेच म्हणाली. "ते बाहेर बसलेत. डबा आत्ता कुठे उघडला असेल. दोन घास जाऊ देत पोटात. मग मी सांगते त्यांना."

"काकू..."

"सरक. दे इकडे."

आईने एका हातात मुलीची बोटं धरली आणि दुसरा हात उशीवर आपटला. आवाज चपटा आला.

"वाटी करा हाताची. अशी. अंगठा जवळ घ्या."

पुढचा आवाज बरोबर आला.

ती बाहेर आली तेव्हा आत आवाज चालूच होता. काकांच्या हातात पहिला घास होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"तुम्ही इकडे? मग आत कोण?"

"काकू आहेत."

काका ऐकत राहिले. पेशंटच्या अंगाला धोपटबाई कुणाला बोटही लावू देत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"अशीच थापटायची ती तिला," ते म्हणाले. "दूध पाजून झालं की. खांद्यावर घेऊन."



काकांनी घास परत डब्यात ठेवला.

"तिला सांगा," ते म्हणाले, "मी जेवलो."

आणि आत ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी डब्याला झाकण लावलं.